सव्वाअकराची चिपळूण-विटा

“काकू, बस उलटी चाललीय,” धैर्यशील म्हणाला आणि हसला.

दुपारचे बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. वेळ पक्की आठवते, कारण मी तेव्हा कराड बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. समोर भिंतीवर घड्याळ, टेबलावर गाड्यांच्या आवकजावकीची नोंदवही आणि उजव्या हाताला माईक, एवढ्यात माझा दिवस जायचा. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. वसुबारसेचा दिवस होता आणि स्थानकात पाय ठेवायला जागा नव्हती.

“उलटी म्हणजे? ड्रायव्हर गाडी मागं घेतोय का?”

“नाही ओ. झाडं पुढं पळतायत. सगळी झाडं.” परत हसू.

“निनाद शेजारी आहे ना? त्याला दे जरा फोन.”

“निनाद कोण?”

निनाद माझा मुलगा. तो आणि धैर्यशील चिपळूणजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, वसतिगृहातल्या एकाच खोलीत राहत होते आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी सव्वाअकराच्या चिपळूण-विटा गाडीनं निघाले होते. निनाद कराडला उतरणार होता, धैर्यशील पुढं विट्याला. निनादचा फोन नेहमीसारखा बंद लागला म्हणून मी धैर्यशीलला लावला होता. बसायला जागा मिळाली का, एवढंच विचारायचं होतं.

“धैर्या, सकाळी काय खाल्लंस?”

“तू कोण गं मला विचारणार?”

अडीच महिन्यांत या मुलानं मला एकदाही अगंतुगं केलं नव्हतं. मी खुर्चीतून उठले.

“धैर्या, नीट ऐक. सकाळी सुई घेतलीस का?”

“घेतली की. खानावळीला कुलूप.” मग एकदम लहान पोरासारखा आवाज आला. “काकू, घाम आलाय खूप.”

आणि फोन तुटला. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच.

धैर्यशीलच्या सुईचं मला माहीत असायचं कारण त्याचे वडील, पोपट लेंगरे. विट्यात त्यांचे चार यंत्रमाग होते. मागांच्या खडखडाटात सगळा जन्म गेल्यामुळं ते शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलत. ऑगस्टमध्ये मुलांना वसतिगृहात सोडायला आम्ही पालक गेलो, तेव्हा तिथले रेक्टर, एक वयस्कर प्राध्यापक, आम्हाला म्हणाले होते, “फोन जरूर करा, पण उलटतपासणी घेऊ नका. मुलं आजार लपवतात, नापास झालेलं लपवतात, रडणं लपवतात. त्यांना खरं बोलायला कुणीतरी असू द्या.”

“आणि ते कुणीतरी आणायचं कुठनं?” लेंगरे माझ्या कानाशी ओरडले होते. “बाई, माझं पोरगं मला ‘बरंय’ सोडून दुसरा शब्द सांगत नाही. तुमचं?”

“माझं ‘हं’ म्हणतं.”

“मग असं करू. माझ्या पोराला तुम्ही फोन करत जा, तुमच्या पोराला मी करतो. माणूस घरच्याला सांगत नाही ते परक्याला सांगतो. गाडीत शेजारी बसणारा नाही का आपल्याला सगळी रामकहाणी सांगत?”

गाडीत शेजारी बसणाऱ्यांचं माझ्याइतकं कुणाला माहीत असणार! मला ते पटलं.

“पण एक अट,” लेंगरे म्हणाले. “ऐकलेलं पोटात ठेवायचं. तुम्ही मला सांगायचं नाही, मी तुम्हाला सांगणार नाही. जीवावर बेतलं तरच तोंड उघडायचं.”

मग त्यांनी मला पाण्याच्या टाकीमागं नेलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात सांगितलं. धैर्यशीलला तेराव्या वर्षापासून मधुमेह होता. दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई. साखर वाढली तर डॉक्टर बघतील, पण उतरली तर मिनिटांचा खेळ. त्यांनी सांगितलेलं मी परत आल्यावर नोंदवहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं: घाम. हाताची थरथर. वेड्यासारखं बोलणं, नाहीतर विनाकारण चिडणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, दवाखाना गाठायचा.

दर गुरुवारी साडेपाचला मी धैर्यशीलला फोन करू लागले. पहिल्याच फोनला तो म्हणाला, “काकू, अण्णांनी तुम्हाला सांगितलंय ना माझं? निनादला सांगू नका. कुणालाच नको. अकरावीत कळलं तर मला वर्गात ‘साखर कारखाना’ म्हणायचे.”

“अरे, पण शेजारी झोपणाऱ्याला तरी...”

“काकू, शब्द द्या. नाहीतर मी फोनच घेणार नाही.”

मी शब्द दिला. त्यानंतर तो धबधब्यासारखा बोलायचा. खानावळीतली आमटी, पहाटे कुणी उठायच्या आत न्हाणीघरात जाऊन सुई टोचून घेणं, ड्रॉइंगच्या सरांची नक्कल. आमचा मुलगा मात्र मला ‘हं’च म्हणायचा. त्यात भर म्हणजे रात्री दहानंतर त्याचा फोन कायम व्यस्त आणि सकाळी कायम बंद. सप्टेंबरपासून हेच. मी मनातल्या मनात एका मुलीचं नाव शोधत होते. एकदा लेंगऱ्यांना सरळ विचारलंही.

“भाऊ, पोरगी आहे का हो कुणी?”

मागांच्या खडखडाटातून त्यांचं हसू ऐकू आलं. “बाई, ठरलंय ना आपलं?”

तर बारा वाजून सात मिनिटांनी मी पुठ्ठ्याच्या आतला तो मजकूर वाचत उभी होते. घाम होता. वेड्यासारखं बोलणं होतं. चिडणं होतं. काय झालं असेल तेही समजत होतं. आधी सुई आणि मग वीस मिनिटांनी नाष्टा, असा त्याचा क्रम. सुट्टी लागते त्या सकाळी खानावळ उघडतच नाही हे जुन्या मुलांना ठाऊक असतं, पहिल्या वर्षाच्या पोरांना कोण सांगणार? सुई घेऊन तो खाली आला, कुलूप बघितलं, आणि गाडी चुकेल म्हणून दोघं पळाले.

मी चिपळूण स्थानकाला फोन लावला.

“सव्वाअकराची विटा कधी सुटली?”

“अकरा बावीस. खच्चून भरलीय. का हो?”

“कंडक्टर कोण आहे? नंबर द्या.”

नंबर मिळाला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

अकरा बावीसला सुटलेली गाडी पोफळीला अकरा पंचावन्नला. तिथून कुंभार्ली घाट सुरू. घाटातली पहिली काही वळणं सोडली की तेव्हा फोनला रेंज नसायची. गाडी वर येऊन कोयनानगरला लागायला एक वाजायला आला असता. म्हणजे अजून पन्नास मिनिटं. त्या गाडीत साठसत्तर माणसं होती, प्रत्येकाच्या पिशवीत फराळाचा डबा होता आणि शेजारी माझा स्वतःचा मुलगा होता. पण यातल्या एकालाही माहीत नव्हतं की त्या पोराला चमचाभर साखर हवीय.

“ओ बाई, तासगाव गाडी कवा?” खिडकीत एक म्हातारी उभी होती. पाटीत दोन कोंबड्या.

“येईल आजी, बसा.”

“सकाळपास्नं बसलेलीच हाय की!”

तेवढ्यात माझी नजर नोंदवहीवर गेली. आमची कराड-गुहागर गाडी दहा वीसला गेली होती. ती पाटणला सव्वाअकराला, कोयनानगरला बारा पाचला. तिथं पाच मिनिटं थांबते आणि मग घाट उतरते.

घाट उतरते! म्हणजे चढणाऱ्या विटा गाडीच्या समोरून.

मी कोयनानगरचा नंबर फिरवला. तिथले नियंत्रक मुल्ला माझ्याबरोबरच नोकरीला लागलेले.

“मुल्ला, गुहागर आली का?”

“आली आन् निघाली पण मॅडम. ही काय, फाटकातनं बाहेर पडतीय.”

“थांबव तिला!”

“आँ?”

“पळ! मुल्ला, पळ! गाडी थांबव!”

रिसीव्हर टेबलावर आदळल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मग शिट्टी, एक लांबलचक, कान किटवणारी. मग नुसती शांतता. मी घड्याळाचा सेकंदकाटा बघत होते. एक्केचाळीस सेकंद.

“थांबली,” मुल्लांना धाप लागली होती. “आडवाच झालो रस्त्याला. काय झालं? बॉम्ब हाय का काय गाडीत?”

“गुहागर गाडीत काही नाही. समोरून चिपळूण-विटा घाट चढतीय. तिच्यात एक मुलगा आहे, धैर्यशील लेंगरे, अठरा वर्षांचा. त्याला...”

इथं मी अडखळले. दर गुरुवारी तो मुलगा मला आठवण करून द्यायचा, काकू, शब्द दिलाय तुम्ही. आता मी जे सांगणार होते ते गुहागरच्या गाडीत, विट्याच्या गाडीत, सगळीकडं होणार होतं.

“त्याला मधुमेह आहे,” मी म्हणाले. “सुई घेऊन उपाशी निघालाय, साखर उतरलीय त्याची. गुहागर गाडी त्याला घाटातच गाठेल. कँटीनमधली साखर दे, पाण्याची बाटली दे. गाडीत चढून नाव घेऊन ओरडायचं. शुद्धीवर असला तरच तोंडात घालायची. नसला तर कुशीवर करून थेट दवाखाना.”

“थोरवडे!” मुल्ला कुणाला तरी हाक मारत होते. गुहागर गाडीचा कंडक्टर असणार. “आरं हिकडं ये! साखरंचा डबाच उचल कँटीनचा. पुडी नको, डबा! पैसे मागनं, पळ!”

बारा वाजून तेरा मिनिटांनी गुहागर गाडी हलली.

घाटात एसटीच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या की उतरणारी गाडी कडेला थांबून चढणारीला वाट देते, आणि ड्रायव्हर खिडकीला खिडकी लावून एकदोन वाक्यं बोलतात. पुढं धुकं आहे, वळणावर ट्रक पडलाय, घरी सगळे बरे का. दहा सेकंदांचं काम. प्रवासी वैतागतात, पण ते बोलणं कधी चुकत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मी त्यावरून ड्रायव्हर लोकांची किती चेष्टा केली असेल! आता सगळी भिस्त त्या दहा सेकंदांवर होती.

मग मी लेंगऱ्यांना फोन लावला. आधी कळू द्यावं की नंतर, हा विचार केलाच नाही. माझ्या मुलाचं असतं तर मला आधी कळायला हवं होतं.

“बोला बाई!” मागांचा खडखडाट.

“भाऊ, धैर्याची साखर उतरलीय. गाडीत आहे, घाटात. समोरून साखर पाठवलीय.”

मागून एक माग थांबला. मग दुसरा. तिसरा. चौथा थांबला तेव्हा फोनमध्ये अशी शांतता पसरली की मला लेंगऱ्यांचा श्वास ऐकू आला.

“शुद्धीवर होता?”

“बोलत होता. घाम आलाय म्हणाला.”

“मी निघालो,” ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना दुसऱ्यांदाच ऐकत होते.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात मी काय काय पुकारलं याची नोंद आहे, पण आठवण नाही. पाटण गाडी दोनदा सांगितली. सातारा गाडीला फलाट तीनऐवजी पाच सांगितला आणि दीडदोनशे माणसं पिशव्या घेऊन तीनवरून पाचवर आणि पाचवरून तीनवर पळाली. “मॅडम, आज भांग-बिंग घेतली काय?” कुणीतरी खिडकीतून ओरडलं. दर दोन मिनिटांनी मी मनात हिशेब करत होते. आता गुहागर गाडी चेकपोस्टपाशी. आता पहिलं वळण. विटा गाडी भरलेली आहे, चढाला हळू चालणार. दोघी बारा पंचवीसला समोरासमोर यायला हव्यात. बारा पंचवीस झाले. आता थोरवडे उतरला असेल. आता चढला असेल. गर्दीतून वाट काढतोय. बारा तीस. साखर तोंडात गेली असेल. की कुशीवर? बारा चाळीस. फोन वाजला, मी झडप घातली. पार्सलवाला होता.

“ए बाई,” पाटीवाली म्हातारी पुन्हा आली, “तू तासगाव गाडी बोलावलीस, मी फलाटावर गेले, तर थितं कुत्रं सुदिक न्हाई!”

“आजी, चुकलं माझं.”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “काय झालंय गं? पोरगं आजारी हाय?”

“माझं नाही, दुसऱ्याचं.”

“मग आपलंच की,” ती म्हणाली आणि खिडकीखाली बसून राहिली.

बारा वाजून चौपन्न मिनिटांनी कोयनानगरचा फोन आला.

“मॅडम, विटा आली,” मुल्ला ओरडत होते. “पोरगं सोताच्या पायानं उतरलं खाली!”

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“ऐकताय न्हवं? सोताच्या पायानं! आन् शिव्या देतंय.”

“कुणाला?”

“तुमाला! अख्ख्या गाडीला सांगितलं म्हणून!”

“देऊ दे!” मी ओरडले. “देऊ दे शिव्या! पोटभर देऊ दे!”

बाहेर सगळं स्थानक एकाएकी माझ्या खिडकीकडं बघायला लागलं. माईक चालू होता. मग फलाट दोनवरचा एक हमाल हसला आणि त्याच्यामागं सगळेच हसले. कुणाला काहीच माहीत नव्हतं, तरी म्हातारीनं खालून हात जोडले आणि म्हणाली, “वाचलं वाटतं.”

कोयनानगरच्या दवाखान्यात धैर्यशीलला तपासलं. साखर बरीच वर आली होती, डॉक्टरांनी पोळीभाजी खायला लावली आणि त्यांच्या समोर अर्धा तास बसवून ठेवलं. तोवर गाडी थांबून राहिली. दिवाळीला घरी निघालेल्या सत्तर माणसांपैकी एकानंही कुरकुर केली नाही, असं मुल्लांनी नंतर सांगितलं. माझा त्यावर थोडा कमी विश्वास आहे, पण नोंद तशीच आहे.

लेंगरे पावणेदोनला स्थानकात पोचले. मोटारसायकल फलाटाच्या कठड्याला टेकवली आणि अंगभर सुताचे तंतू घेऊन तिथंच उभे राहिले. मी चहा पाठवला, तो तसाच थंड झाला.

तीन वाजून बारा मिनिटांनी विटा गाडी वळली.

आधी कंडक्टर उतरली, चोवीसपंचवीस वर्षांची मुलगी. मग निनाद उतरला आणि त्यानं धैर्यशीलचा दंड धरून त्याला खाली घेतलं, म्हातारीला उतरवतात तसं. धैर्यशीलच्या दोन्ही हातांत वर्तमानपत्राचं भलंमोठं पुडकं होतं. त्यात लाडू, करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अर्धा डबा चिवडा. सहासात घरांचा फराळ.

“अण्णा,” तो म्हणाला, “बघा की, प्रत्येकजण डबा उघडून उठला. एक खाऊन दाखव म्हणे. आता साखर चारशेवर जाईल.”

लेंगऱ्यांनी ते पुडकं घेतलं, कठड्यावर ठेवलं आणि पोराला असं आवळलं की त्याचा चष्मा खाली पडला.

“काकू,” त्यांच्या खांद्यावरून तो माझ्याकडं बघत होता, “शब्द दिला होता तुम्ही.”

“दिला होता.”

“तो गुहागर गाडीचा कंडक्टर आमच्या गाडीत चढून ओरडला, ‘ज्याची साखर उतरलीय तो धैर्यशील लेंगरे कोण?’ सगळ्या गाडीनं माना वळवल्या.”

“तू हात वर केलास?”

“मी नाही. ह्यानं.”

मी निनादकडं वळले. तो माझ्याकडंच बघत होता, आणि ती नजर मुलाची आईकडं बघायची नव्हती.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“अडीच महिने, आई! दोन हातांवर झोपतो मी त्याच्यापासून. आज शेजारी बसून तो घामानं भिजला, माझ्यावर खेकसला, आणि मला वाटलं, साहेब रुसलेत. खिडकीतून रुमाल टाकून जागा मी धरली आणि हा माझ्यावरच उलटतोय म्हणून मी तोंड फिरवून बसलो. पिशवीत बिस्किटं होती माझ्या. पिशवीत, आई!”

मी वाकून धैर्यशीलचा चष्मा उचलला.

“चूक माझी आहे रे,” धैर्यशील म्हणाला. “मीच काकूंना बांधून घेतलं होतं.”

“तू गप्प बस.”

“हवं तर साखर कारखाना म्हण.”

“म्हणणारच आहे,” निनाद म्हणाला. “रोज सकाळी म्हणणार आहे. सगळ्या मजल्याला सांगून ठेवणार आहे. आणि न्हाणीघरात जायचं नाही, सुई माझ्यासमोर टोचायची.”

“बरं,” धैर्यशील म्हणाला.

लेंगरे डोळे पुसत होते. मी त्यांच्याकडं वळले. “भाऊ, ठरलेलं मी मोडलंय. आता तुम्हीपण मोडा. माझ्या पोराचं काय आहे ते सांगा.”

लेंगऱ्यांनी निनादकडं बघितलं. “जीवावर बेतलेलं नाही बाई. असतं तर तुमच्याआधी मीच ओरडलो असतो.”

“काका, राहू द्या,” निनाद म्हणाला. “मी सांगतो.”

तो कठड्याला टेकला. मागं जोतिबा गाडी सुटत होती, त्या आवाजात त्यानं सांगितलं.

“मला तिथं झोप येत नाही, आई. पहिल्या चाचणीत दोन विषय गेले तेव्हापासून. पडलं की छातीत धडधडतं. वाटतं, सगळ्यांना जमतंय, मलाच जमत नाहीये. तीन-तीन वाजेपर्यंत छताकडं बघत पडायचो. काकांना सांगितलं एकदा. सांगता सांगता मागनं मागांचा आवाज येत होता, तो ऐकता ऐकता झोपच लागली मला. फोन कानावर तसाच.”

“मला वाटलं, पोरगं फोन तोडून गेलं,” लेंगरे म्हणाले. “मग घोरणं ऐकू आलं.”

“तेव्हापासून काका रोज रात्री दहाला फोन लावतात आणि मागापाशी ठेवून देतात. बोलत नाही आम्ही काही.”

“रातपाळी असतीच की माझी,” लेंगरे घाईनं म्हणाले, जणू काही गुन्हा कबूल करत होते. “फुकट मिनिटांचा पॅक हाय. खिळ्याला टांगून ठेवतो फोन. पण बाई, मी त्याला सांगितलं, नुसत्या मागावर भागणार नाही, कॉलेजच्या डॉक्टरांना भेट. गेलाय दोनदा. खरंच गेलाय.”

“म्हणून तुझा फोन सकाळी बंद,” मी म्हणाले.

“बॅटरी संपलेली असते.”

सप्टेंबरपासून मी एका मुलीचं नाव शोधत होते. ती विट्यात होती, लोखंडाची होती आणि धोतरं विणत होती.

साडेतीनला लेंगरे मोटारसायकल स्थानकातच सोडून पोराबरोबर त्याच विटा गाडीत बसले. धैर्यशीलनं खिडकीतून पुडकं बाहेर काढलं आणि पाटीवाल्या म्हातारीच्या ओंजळीत चार करंज्या घातल्या. तासगाव गाडी तेव्हाही आली नव्हती.

निनाद माझ्याबरोबर केबिनमध्ये आला.

“घरी जा की,” मी म्हणाले. “चारला सुटते मी. येतेच मागोमाग.”

“थांबतो इथंच.”

कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर तो बसला. मी इस्लामपूर गाडी पुकारली. मग मलकापूर. मग, अखेर, तासगाव. बाहेर हॉर्न वाजत होते, पोरं रडत होती, कुणी कुणाच्या नावानं बोंबलत होतं. चौथ्या वेळी माईक बंद करून मी मागं बघितलं, तर त्याचं डोकं पार्सलच्या खोक्यावर टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. पाचसहा वर्षांचा असताना तो असाच झोपायचा.

चारला पुढच्या पाळीचे जाधव आले. “उठा मॅडम, सुटलात. घरी पणत्या लावायच्यात ना?”

मी ओठांवर बोट ठेवलं आणि कोपऱ्याकडं दाखवलं. मग माईक पुढं ओढला आणि फलाट दोनवरची सांगली गाडी पुकारली, नेहमीच्याच आवाजात, नेहमीच्याच चालीत. ती झाल्यावर रत्नागिरी.

त्या दिवशी पावणेसहापर्यंतच्या सगळ्या गाड्या मी पुकारल्या. नोंदवहीत त्यांच्यापुढं सही जाधवांची आहे.